तिसरा ठपका

भुवडांच्या घरातला कॉम्प्युटर नवव्यांदा बंद पडला तेव्हा वनिता मागच्या पडवीत कोकमं फोडत बसली होती. आतल्या खोलीतून आधी सुनेचं "अरे देवा" ऐकू आलं, मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला आणि त्यानंतर काहीच नाही. ही शांतता वनिताला चांगली ओळखीची झाली होती. सुनेची चिडचिड ऐकू आली तर समजावं, सुट्टीच्या वेळात पडलाय. अशी शांतता पसरली तर क्रेन चालू असताना पडलाय.

ती लाल हातांनी तशीच उठून दारापाशी गेली. दार बंद होतं. ते नेहमीच बंद असे. कडेनं रबराची पट्टी, खाली ब्रशची झालर आणि वर कंपनीच्या माणसानं चिकटवलेला कागद, 'धूळ आत नेऊ नये'. त्या खोलीत जायचं म्हणजे देवळात जाण्यापेक्षा जास्त नियम होते.

दार उघडून तनिष्का बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता.

"दुसरा ठपका," ती म्हणाली.

वनिता भुवडची ही सून कढवलीत बसून पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरातली क्रेन चालवत असे. मधे हजार-बाराशे किलोमीटर जमीन. दोन्ही हातांत मोजे घालून ती समोर हवेत बोटं हलवी आणि तिकडे वीस टनांचा कंटेनर जहाजावरून अलगद उचलला जाई. काही वर्षांपूर्वी हे कोणी सांगितलं असतं तर वनितानं त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. ते शक्य झालं कंपगणकामुळे. या नव्या कॉम्प्युटरच्या पोटात सिलिकॉनच्या लाखो पट्ट्या असतात, केसाच्या शंभराव्या भागाइतक्या बारीक. प्रत्येक पट्टी काचेच्या इवल्याशा कुपीत बंद, आणि कुपीतली सगळी हवा काढून घेतलेली. अडवायला हवाच नसल्यामुळे पट्टी सेकंदाला कोट्यवधी वेळा थरथरते आणि कधी चुकत नाही. यंत्र त्या थरथरीवरच वेळ मोजतं आणि गणितंही करतं. ना ते तापतं, ना त्याला पंखा लागतो. इथल्या बोटाची आणि तिथल्या लोखंडाची वेळ ते इतकी बारीक जुळवतं की जणू दोन्ही एकाच खोलीत असावीत.

कोकणातल्या कितीतरी घरांत अशा क्रेनवाल्या मुली बसल्या होत्या. पगार चांगला आणि घर सोडायला नको. अट एकच होती. काम चालू असताना यंत्र कारण न कळता बंद पडलं की एक ठपका. वर्षात तीन ठपके झाले की घरून काम करण्याचा परवाना रद्द, आणि चालिकेनं बंदराच्या वसतिगृहात जाऊन राहायचं. तनिष्का गेली की तिचा नवरा, वनिताचा मुलगा प्रथमेशही जाणार, हे ठरलेलंच होतं. एसटीतली नोकरी सोडायचं त्यानं बोलूनही दाखवलं होतं. म्हणजे आणखी एक ठपका, की वनिता या पाच खोल्यांत एकटी. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि पहिल्या सहा महिन्यांतली एकटेपणाची चव तिला अजून आठवत होती.

"काय म्हणतंय यंत्र?" तिनं विचारलं.

"तेच. वेळ जुळत नाही. नऊही वेळा तेच." तनिष्का पायरीवर बसली. "आता परत चिपळूणला नेतील, तीन दिवस ठेवतील आणि सांगतील, यंत्रात दोष नाही."

"मी बघू काय?"

तनिष्कानं सासूकडे पाहिलं. त्या नजरेत प्रेम कमी आणि सौजन्य जास्त होतं. "आई, तुमच्या वेळची यंत्रं वेगळी होती. आताची स्वतःच सांगतात त्यांना काय होतंय ते."

"सांगतात ना? मग नऊ वेळा सांगून झालं, तुला काय कळलं?"

तनिष्कानं हातातले मोजे ओढून काढले. ती उठून आत गेली.

आता वनिता म्हणजे काही कोकमं फोडत जन्म काढलेली बाई नव्हती. संगमेश्वरच्या एसटी स्टँडसमोर चौदा वर्षं तिचं दुकान होतं, मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं. पाण्यात पडलेले, जात्याखाली आलेले, नवऱ्यानं रागानं भिंतीवर मारलेले, सगळ्या तऱ्हेचे फोन तिच्या टेबलावर जिवंत झाले होते. दुकान बंद केलं ते नवी यंत्रं उघडताच येईनाशी झाली म्हणून. पण दुरुस्तीची तिची पद्धत तिच्यापाशीच होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि जे दिसेल ते वहीत लिहायचं. जे वाटतं ते लिहायचं नाही. पाडव्याला हा कॉम्प्युटर घरात आला त्या पहिल्या दिवसापासून तिनं त्याची वही ठेवली होती. कोणी सांगितलं नव्हतं, पण हात शिवशिवत होते.

कंपनीची माणसं दोनदा येऊन गेली होती. यंत्र मात्र पडलं की दर वेळी चिपळूणच्या केंद्रात जाई, तिथे तीन दिवसांत ठणठणीत होई आणि घरी परत येई. दोष सापडला नाही की माणूस परिस्थितीला दोष देतो. पहिल्यांदा ते म्हणाले, धूळ आहे. म्हणून खिडक्यांना कायमची काच बसवली. दुसऱ्यांदा म्हणाले, ओल आहे. म्हणून यंत्र जमिनीवरून उचलून पार आढ्याखाली टांगलं आणि दाराला रबर लावलं. वनिताच्या वहीप्रमाणे त्यानंतर यंत्र पडायचं थांबलं तर नव्हतंच, उलट दुपारी दोनऐवजी बारालाच पडू लागलं होतं. हे तिनं एकदा जेवताना सांगितलंही होतं. प्रथमेश म्हणाला, "आई, भात वाढ."

नवव्या खेपेनंतर मात्र तिनं कोणाला विचारलं नाही. यंत्र चिपळूणहून परत आलं त्या दिवशी सकाळीच ती कामाला लागली. विजेपासून सुरुवात करायची, हा दुकानातला रिवाज. मीटरची पेटी घराबाहेर, कुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर होती. पेटी उघडून तिनं दुकानातल्या जुन्या मल्टिमीटरनं विजेचा दाब मोजला. तो अगदी स्थिर होता. पेटी लावताना तिचं लक्ष शेजारच्या फणसाकडे गेलं. खोडाच्या बेचक्यात काडेपेटीएवढं काहीतरी काळं बसवलेलं होतं.

तिला ते ओळखायला क्षणही लागला नाही. असले कॅमेरे तिनं स्वतः विकले होते. शेजारी आपले नारळ पाडतो असा संशय असलेली माणसं ते घेऊन जात. कॅमेऱ्याचं तोंड मीटरच्या पेटीकडे होतं आणि या वाटेनं रोज सकाळी जाणारं घरातलं माणूस एकच होतं.

वनितानं तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि जसा होता तसा परत ठेवला. तिला राग आला. पण राग दुपारपर्यंतच टिकला आणि नंतर नुसतं वाईट वाटत राहिलं. सून जाऊ नये म्हणून सासू वीज घालवते असं कोणाला कसं वाटेल, असं तिनं स्वतःला विचारलं. मग तिच्याच लक्षात आलं की यंत्र पडलं तर सून जाणारच आहे. मग आपण सुनेला घालवायला टपलोय, असं तिला वाटतंय! हे तर जास्तच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी ती कुंडावर अंघोळीला गेली.

कढवलीचं उन्हाळं पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. जमिनीतून कढत पाणी वर येतं, दगडी कुंडात साठतं, वर घुमटीसारखं छप्पर. खरूज-नायट्याची माणसं लांबून येत. गावातल्या चार घरांकडे कुंडाची पाळी वर्षावर्षानं फिरे आणि पाडव्यापासून ती भुवडांकडे होती. पाळी म्हणजे कुंड उपसायचं. त्याला वार नाही की तिथी नाही. शेवाळ तिसऱ्या पायरीला लागलं की पहाटे खालचा लाकडी खुंटा काढायचा, पाणी शेतात सोडून द्यायचं, काथ्यानं पायऱ्या घासायच्या आणि खुंटा परत मारायचा. कुंड पुन्हा भरायला दुपार होई. कधी पाच दिवसांनी उपसावं लागे, कधी दहा. उपसणाऱ्या बाईनं काम झाल्यावर आतल्या भिंतीवर गेरूची एक उभी रेघ ओढायची, म्हणजे पुढच्या घराला कळतं की पाळी नीट झाली.

गळ्यापर्यंत पाण्यात बसून वनिता त्या रेघांकडे बघत होती. रिकामपणी माणूस मोजतो तशा तिनं त्या मोजल्या. नऊ होत्या.

तिनं पुन्हा मोजल्या. मग एकेक आठवू लागली. जाधवांच्या लग्नाच्या दिवशी पहाटे उपसलं होतं, आणि त्या दिवशी हळदीचे हात घेऊन तनिष्का यंत्राशी झटत होती. प्रथमेशच्या पायात खिळा घुसला त्या दिवशी उपसलं होतं, आणि डॉक्टरला लावलेला फोन मधेच तुटला होता, कारण फोनही त्याच यंत्रातून जात असे. शेवटची नववी रेघ तर अजून ओली वाटावी इतकी ताजी होती. वनिता पाण्यातून उठली ती केस न पुसताच घरी आली आणि वही उघडून बसली. नऊच्या नऊ तारखा जुळल्या. दर वेळी पहाटे कुंड उपसलं होतं आणि दर वेळी सहा ते आठ तासांनी यंत्र पडलं होतं.

सुनेचा संशय बरोबर होता. यंत्र सासूच पाडत होती. फक्त कसं, ते दोघींनाही माहीत नव्हतं.

पुढचा दुवा तिला दुकानाच्या एका आठवणीतून मिळाला. फार पूर्वी एक फुगेवाला, म्हणजे लग्नमंडप फुग्यांनी सजवणारा, तिच्याकडे एकदम पाच फोन घेऊन आला होता. सगळे एका रात्रीत मेलेले. तिनं उघडून पाहिले, काही सापडलं नाही. तीन दिवस ते टेबलावर तसेच पडून राहिले आणि चौथ्या दिवशी आपणहून चालू झाले. फुगेवाल्यानं तिला जादूगार ठरवलं. ती मात्र आठवडाभर शोधत बसली, तेव्हा कुठे कळलं की त्याच्या खोलीत हेलियमची टाकी गळत होती.

आणि हेलियम हा शब्द तिनं कुंडावरही ऐकला होता. विद्यापीठातली माणसं एकदा कुंडातले बुडबुडे काचेच्या नळ्यांत भरून घेऊन गेली होती. त्यांच्यातल्या एका मुलीनं पायरीवर बसून तिला समजावलं होतं. खोल खडकात युरेनियम आणि थोरियम असतं. ते कोट्यवधी वर्षं हळूहळू फुटत राहतं आणि फुटताना त्यातून हेलियम सुटतो. गरम पाणी भेगांतून वर येताना तो बरोबर घेऊन येतो. हेलियमचा अणू इतका लहान आणि इतका अलिप्त की तो कशाशी जुळत नाही आणि कशानं अडत नाही. बारीक चाळणीतून रवा अडतो, पीठ निघून जातं. काच हवेला अडवते, हेलियम तिच्यातूनही पाझरतो.

बाकीचं वनितानं वहीच्या मागच्या पानावर चित्र काढून जुळवलं. वीस वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं कुंडातून घरच्या न्हाणीघरापर्यंत पाइप टाकला होता, तो आताच्या कॉम्प्युटरच्या खोलीखालून जात होता आणि तिथला त्याचा एक सांधा कधीचा सैल होता. तेव्हा ती भाताची कोठी होती. एरवी पाइपचं कुंडातलं तोंड पाण्याखाली असतं. कुंड उपसलं की ते उघडं पडतं. त्याच वेळी पाण्याचा भार उतरल्यामुळे, सोड्याची बाटली उघडावी तसा, खालून वायू भसाभसा सुटतो. वर छप्पर असल्यामुळे तो तिथेच कोंडतो आणि पाइपातून सरळ घरात येतो. हलका म्हणून आढ्याला जातो, आणि आढ्याखालीच तर यंत्र टांगलेलं. खिडकी उघडी असती तर निघून गेला असता, पण धुळीपायी ती पहिल्यापासूनच मिटलेली. आता तर ती कायमची बंद, वर दाराला रबर. तासातासानं तो काचेच्या कुप्यांत पाझरतो, मोकळ्या पोकळीत थरथरणाऱ्या पट्टीला वायूचा अडसर होतो, तिची चाल चुकते आणि यंत्राला वेळ जुळेनाशी होते. चिपळूणच्या उघड्या हवेत तीन दिवसांत तो बाहेर झिरपून जातो. यंत्रात दोष नव्हताच. धूळ येऊ नये म्हणून सगळ्यांनी मिळून त्याला कोंडलं होतं.

वनिताला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की तिनं मोठ्यानं "वा!" म्हटलं. घरात ऐकायला कोणी नव्हतं.

कौतुक ओसरल्यावर तिच्या लक्षात आलं की आता काय करायचं ते तिच्या हातात आहे. सरळ उपाय एकच, खिडकीची काच काढायची. काहीतरी निमित्त सांगून ती काढता आली असती. यंत्र पडायचं थांबलं असतं आणि आपण जबाबदार होतो हे कोणाला कधी कळलं नसतं. पण मग तनिष्काला आयुष्यभर एवढंच वाटलं असतं, की कॅमेरा लावल्यावर सासू थांबली. तसल्या संशयाखाली चांगली वागणूक मिळण्यापेक्षा खरं सांगून शिव्या खाल्लेल्या बऱ्या, असं वनितानं ठरवलं. तिला भीती वाटत होती. पण वही तिच्या हातात होती, आणि वही हातात असताना तिनं कुठल्याही गिऱ्हाइकापुढे मान खाली घातली नव्हती.

संध्याकाळी ओट्यावर चहा घेताना तिनं सुनेपुढे वही ठेवली.

"कॉम्प्युटर मीच पाडत होतंय," ती म्हणाली. "कसा ते आत लिवलेला हाय. आधी वाच, मग भांड."

तनिष्कानं वाचलं. मधे एकदा मागचं पान उलटून पुन्हा पुढे आली. प्रथमेश डोकावून बघत होता, त्याला तिनं कोपरानं बाजूला सारलं. वाचून झाल्यावर तिनं वही मिटून मांडीवर ठेवली.

"आई, मी पण एक गोष्ट केलीय," ती म्हणाली. "फणसावर..."

"म्हाईत हाय. बॅटरी संपलेय त्याची. बदल."

तनिष्काचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग तिला रडूही आलं आणि हसूही. पदर घेत नव्हती म्हणून तिनं ओढणीनं तोंड झाकलं. वनितानं तिच्या पाठीवर हात ठेवला. एवढ्या दिवसांचं आत कोंडलेलं दोघींचंही त्या एका वाक्यानं मोकळं झालं. प्रथमेशला काहीच कळलं नाही. "कुठली बॅटरी?" असं तो दोनदा विचारत राहिला.

त्याचा सल्ला मात्र शहाणपणाचा होता. उद्याच काच काढा, वर्ष संपायला सात महिने आहेत, ते निघून जातील, ठपके आपोआप पुसले जातील.

"त्या सात महिन्यांत चार पावसाळ्याचे," तनिष्का म्हणाली. "एक वीज कडाडली, यंत्र पडलं आणि कारण दाखवता आलं नाही की तिसरा ठपका. मला कारणसिद्धी मागायची आहे."

कंपनीच्या नियमांत तशी सोय होती. यंत्र का पडतं हे निरीक्षकासमोर घडवून दाखवलं तर जुने ठपके रद्द होतात. पण ती संधी एकदाच मिळते. ठरल्या दिवशी, पाच वाजायच्या आत, सांगितलेल्या कारणानं यंत्र पडलं नाही, तर ती फसवणूक समजून तिसरा ठपका लागतो.

"माझ्या वहीवर एवढा भरवसा?" वनितानं विचारलं.

"नऊ वेळा यंत्राला विचारून बघितलं ना," तनिष्का म्हणाली, आणि तिथेच बसून तिनं अर्ज पाठवून दिला.

पुढच्या गुरुवारी नऊ वाजता निरीक्षक आले. रत्नागिरीचे इम्तियाज परकार, पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. पहाटे सहाला त्यांच्या सहायकाच्या कॅमेऱ्यासमोर वनितानं खुंटा काढून कुंड उपसलं होतं. खिडकीची काच, दाराचं रबर, सगळं जसंच्या तसं होतं. बंदराच्या मागच्या आवारातली एक जुनी क्रेन आणि एक रिकामा कंटेनर चाचणीसाठी दिला होता. तनिष्का खुर्चीत बसून तो इकडून तिकडे ठेवत होती आणि परकार कोपऱ्यात वायुमापक घेऊन बसले होते. वहीप्रमाणे बारा ते दोनच्या दरम्यान यंत्र पडायला हवं होतं.

सगळ्या कढवलीत त्या दिवशी एकच घर असं होतं की जिथे कॉम्प्युटर हँग व्हावा म्हणून देवाला नारळ बोलला होता.

बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. कंटेनर शहाण्यासारखा उचलला जात होता आणि शहाण्यासारखा ठेवला जात होता. तनिष्काच्या कपाळावर घाम आला. प्रथमेश पडवीत येरझारा घालत होता. अडीच वाजता परकारांनी मापक पाहिलं आणि आपल्या कागदावर काहीतरी टिपलं. त्यांचा चेहरा कोरा होता, पण कोऱ्या चेहऱ्याचा अर्थ वनिताला कळत होता.

ती घावण्यांची ताटली घेऊन दारापाशी आली होती. पाहुणा सकाळपासून बसलाय, त्याला उपाशी कसं ठेवायचं? सकाळी आल्या आल्या चहा दिला, मग पोहे, मग पोह्यांची रिकामी बशी आणायला गेली, मग कोकम सरबत, मग मासे चालतात का ते विचारायला, मग जेवण, मग जेवणात मीठ कमी पडलं का ते विचारायला. दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि वनिता तिथेच थबकली.

दर वेळी ती दार सताड उघडत होती. हातात ताट असल्यामुळे पायानं ते उघडं धरून ठेवत होती. मग पाहुण्याशी दोन शब्द बोलत होती. खोली सकाळपासून हवेशीर ठेवण्याचं काम तिनं एकटीनं केलं होतं.

"तनिष्का!" ती बाहेरूनच ओरडली. "आता दार उघडायचा नाय! माझीच चूक झाली. परकारसाहेब, माफ करा, पाच वाजेपर्यंत तुमाला पाणीसुद्धा मिळायचं नाय!"

आतून मग परकारांचा आवाज आला, पहिल्यांदाच हसरा. "काकी, रोजा धरलाय असं समजतो."

वनितानं घावणे जमिनीवर ठेवले आणि दाराला पाठ टेकून बसली. प्रथमेश काही विचारायला आला, त्याला तिनं डोळ्यांनीच परत पाठवलं. तीन वाजले. साडेतीन वाजले. कुंड दुपारीच भरलं होतं, आता नवीन वायू येणार नव्हता. जो आत शिरलाय तोच पुरायला हवा होता. दार उघडून आपण किती घालवला, किती उरला, याचा तिला काही अंदाज येईना. आयुष्यात पहिल्यांदाच ती एखादं यंत्र बिघडण्याची वाट बघत होती. आपल्याच आदरातिथ्यानं सुनेचा परवाना जाणार आणि हे घर रिकामं होणार, या विचारानं तिनं पाठ दाराला आणखी घट्ट दाबली. चार वाजले. साडेचार झाले. तिनं घड्याळाकडे बघणं सोडून दिलं.

पाचला बारा मिनिटं कमी असताना आतून किंकाळी आली.

"पडला! आई, पडला!"

वनिता उठली तेव्हा पाय बधिर झाले होते, तशीच ती दारावर आदळली. आत पडद्यावर रिकामा कंटेनर हवेत अर्ध्यावर थांबला होता आणि खाली ते नेहमीचं वाक्य होतं, वेळ जुळत नाही. तनिष्कानं मोजे घातलेल्याच हातांनी तिला मिठी मारली. प्रथमेश मागून येऊन दोघींना धरून नाचायला लागला. परकारांनी स्टुलावर चढून आढ्यापाशी मापक धरलं, आकडा पाहिला, तो पुन्हा पाहिला आणि मान डोलावली.

"सिद्ध," ते म्हणाले. "दोन्ही ठपके रद्द. काच आजच काढून टाका. आणि काकी, आता ते घावणे द्या."

घावणे खाता खाता त्यांनी कागद बाहेर काढले. जुने दोन्ही अहवाल रद्द करायचे तर त्यातली चालिकेची विधानंही तिनं स्वतः खोडून सही करायची, असा नियम होता. पहिल्या अहवालात काही नव्हतं. दुसरा त्यांनी नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचला.

"संभाव्य कारण, चालिकेच्या मते: घरातील व्यक्तीचा हस्तक्षेप."

परकारांनी मान वर केली, दोघींकडे पाहिलं आणि घाईघाईनं घावण्याचा तुकडा मोडला.

वनिताला हे माहीत नव्हतं. फणसावरचा कॅमेरा घरातल्या घरात होता. हे सरकारदरबारी लिहिल्यासारखं लिहिलेलं होतं, सहीनिशी, आणि एका परक्या माणसानं ते तिच्यासमोर वाचलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तनिष्काला तर वरच बघवेना. "आई, त्या दिवशी मी..." एवढं म्हणून तिनं पेन उचललं आणि त्या ओळीवर टेकवलं.

"थांब," वनिता म्हणाली. तिनं डोळे पुसले आणि कागद आपल्याकडे ओढून ती ओळ स्वतः वाचली. "खोडू नको. खरंच हाय ते. हस्तक्षेप झालाच होता. फक्त त्याच्याआधी 'नकळत' घाल."

तनिष्कानं घातलं.

"आता पुढं लिही," वनिता म्हणाली. "सदर व्यक्तीचा हस्तक्षेप यापुढंही चालू राहील. खिडकी उघडी ठेवून."

"काकी, अहवालात असं लिहिता येत नाही," परकार म्हणाले.

पण तनिष्कानं तोवर ते लिहून खाली सही केली होती.